'ट्र्युमर' म्हणजे भग्नावशेष का?

प्रश्न असा : युद्धोत्तर जर्मनी साहित्य आणि चित्रपटांतून समजावणाऱ्या एका मराठी टिपणात 'ट्र्युमरलितेरातुअर'साठी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मन लेखनाला मिळालेल्या नावासाठी, 'भग्नावशेष साहित्य' असा शब्द आला आहे. तो बरोबर आहे का? आणि जर्मनमध्ये पडक्या वास्तूसाठी 'रुइनं' हा शब्द असताना 'ट्र्युमर' कशाला?

कोशातला अर्थ चुकलेला नाही, पण 'भग्नावशेष' म्हटलं की हंपी डोळ्यांपुढे येतं, पुरातत्त्व खात्याच्या पाटीसकट. ट्र्युमर म्हणजे परवा पडलेलं, रस्ता अडवून बसलेलं आणि कुणाला तरी उचलावं लागणारं. मूळ शब्द 'ट्रुम', म्हणजे तुकडा. प्रमाण जर्मनमध्ये आता त्याचं अनेकवचनच वापरात आहे. बव्हेरियाकडच्या बोलीत मात्र एखाद्या धोंड्याएवढ्या तुकड्याला अजून ट्रुम म्हणतात.

'रुइनं' लॅटिनमधून आलेला. कास्पार डाविड फ्रीडरिशच्या चित्रांतले पडके मठ त्याच्या वाट्याला. गंमत म्हणजे १९४९ साली पूर्व जर्मनीच्या राष्ट्रगीतात योहानेस बेशरने हाच शब्द घेतला : देश 'रुइनन'मधून उठला. राष्ट्रगीताला भारदस्तच शब्द लागतो, राडारोड्यातून उठून कसं चालेल?

लेखकांना मात्र राडारोडाच मंजूर होता. हाइनरिश ब्योलने १९५२ साली या लेबलाची बाजू घेणारा निबंध लिहिला. त्याच्या पिढीवर युद्धाचं, परतलेल्यांचं आणि ढिगाऱ्यांचं साहित्य अशी तीन लेबलं चिकटवली गेली होती, आणि तीही बऱ्याचदा नाक मुरडून. ब्योल म्हणतो, आम्ही तेच पाहिलं, तेच लिहिलं; आणि होमरने तरी दुसरं काय केलं? ट्रॉयचं युद्ध, ट्रॉयचा विध्वंस, ओडिसियसचं परतणं. (मधल्या लेबलासाठी 'घरवापसी' कृपया नको, त्या शब्दाला आपल्याकडे भलताच वास आहे.)

मात्र यात फक्त विटा शोधू नयेत. ग्युंटर आइशच्या युद्धकैद्याच्या कवितेत एकही पडकी भिंत नाही. ही माझी टोपी, हा माझा कोट, हे दाढीचं सामान, अशी तो नुसती यादी करतो. सगळ्यात लाडकं पेन्सिलीतलं शिसं, कारण रात्री सुचलेल्या ओळी ते दिवसा लिहून देतं. नाझींनी फुगवलेल्या भाषेतून जेवढे तुकडे धड निघाले तेवढेच त्याने वापरले, असं मी वाचतो. चित्रपटांत ढिगारे अक्षरशः दिसतात : वोल्फगांग श्टाउटचा १९४६चा, 'डेफा' या पूर्वेकडच्या सोव्हिएत भागातल्या चित्रपटसंस्थेचा चित्रपट, युद्धानंतरचा पहिला जर्मन चित्रपट, बर्लिनच्या खऱ्याखुऱ्या पडझडीत चित्रित झाला.

आता मराठीचं बघू. पुण्यात राडारोडा, मुंबईत डेब्रिज. अर्थाला दोन्ही नेमके, पण 'राडारोडा साहित्य' म्हटलं की सिमेंट-वाळूचं दुकान उभं राहतं, कारण आपलं 'साहित्य' दुधारी आहे. म्हणून मी 'ढिगाऱ्यांतलं लेखन' म्हणेन. चित्रपटासाठी मूकपट-बोलपटाच्या चालीवर 'ढिगारापट' खुशाल करावा, कानाला खटकत नाही.

याच कुळातला आणखी एक शब्द 'ट्र्युमरफ्राउएन', म्हणजे युद्धानंतर शहरांतले 'ढिगारे उपसणाऱ्या बायका'. इथे 'वीरांगना' वगैरे अजिबात नको. दोस्त राष्ट्रांच्या नियंत्रण परिषदेने १९४६ साली कायदा करून बायकांना बांधकामाच्या अंगमेहनतीवर लावायची मुभा दिली, आणि बर्लिनमध्ये अनेकींना त्या कामामुळे वरच्या दर्जाचं रेशनकार्ड मिळे. इतिहासकार लेओनी ट्रेबर यांनी २०१४ साली दाखवून दिलं, की देशभराचा उपसा या बायकांनी केला ही नंतर रचलेली प्रतिमा आहे; बरंचसं काम कंत्राटी कंपन्यांचं आणि यंत्रांचं होतं, आणि युद्ध चालू असतानाचा उपसा तर कैद्यांकडून आणि वेठबिगारांकडून करून घेतलेला.