सूरसंवाद : यात चाल कुठं आहे?

प्रश्न : महावीर उद्यानातल्या पोलिश स्मारकापाशी एका तरुणाची ओळख झाली. त्याच्या आजीचं लहानपण दुसऱ्या महायुद्धातल्या पोलिश निर्वासितांच्या वळिवड्याच्या कॅम्पात गेलेलं. त्यानं पोलिश संगीतकार हेन्रिक गुरेत्स्की यांची ऑर्गनवरची ‘कान्टाटा’ मोबाइलवर पाठवली. गाणारं कुणी नाही, चालही सापडली नाही. माझे वडील संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. तो गोडवा यात नाही. यात ऐकायचं तरी काय?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : वडील साथीला बसायचे म्हणजे तुमचा कान तयार आहे. वाद्य मात्र वेगळं. नाटकातला आपला ऑर्गन पायपेटीच्या कुळातला. हवेनं पितळी सूर, म्हणजे रीड, थरथरतात. मीही आयुष्यभर तोच वाजवला. चर्चमधला ऑर्गन नळ्यांचा. प्रत्येक स्टॉपला, म्हणजे नाद निवडायच्या खिट्टीला, नळ्यांची वेगळी रांग. पोलंडमधल्या ग्दान्स्क शहरातल्या ओलिवा कॅथेड्रलमधल्या ऑर्गनला सात हजारांवर नळ्या आहेत. आपण पायानं भाता मारतो. तिथं वादक पायानं खर्जातले स्वर वाजवतो आणि हवेचं काम मोटरवर सोपवतो.

सतारीचा स्वर छेडला की विझायला लागतो. या ऑर्गनचा स्वर पट्टी सोडेपर्यंत तसाच उभा राहतो. बोटाच्या दाबानं लहानमोठाही होत नाही. म्हणून मींड, हरकत वगैरे विसरा. गुरेत्स्कींनी वाद्याचा हाच हट्टी स्वभाव कामाला लावला. रचना १९६८ ची. त्या दशकात ते जवळजवळचे स्वर एकत्र दाबून दाट ठोकळे उभे करायचे, ते बराच वेळ धरायचे, गडगडाट आणि कुजबुज शेजारीशेजारी ठेवायचे. त्यात चाल शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. एक ठोकळा जाऊन दुसरा येतो तिथं कान लावा : कुठला स्वर सुटला, कुठला राहिला? तानपुरा जुळवताना तारेच्या आत ऐकतो ना, तसं.

आणि कृपा करून मोबाइलवर ऐकू नका. सोळा फुटी नळीचा सगळ्यात खालचा स्वर सेकंदाला ३३ कंपनांच्या आसपास असतो. मोबाइलच्या स्पीकरला तो झेपत नाही, म्हणजे पायांची सगळी कामगिरी गायब. चांगले हेडफोन घ्या, नाहीतर एखाद्या मंडळाच्या साउंडवाल्याला गाठा. कोल्हापुरात बेसवाल्यांची टंचाई नाही!

तरी सुरुवात गुरेत्स्कींपासून नको. मिएचिस्वाव सुझिन्स्की यांनी ‘श्विएन्ती बोझे’ या जुन्या पोलिश प्रार्थनागीतावर केलेली इम्प्रोव्हायझेशन्स, म्हणजे आयत्या वेळी सुचल्यासारखे विस्तार, आधी लावा. मूळ चाल कानात बसते आणि मग तिचाच विस्तार होत जातो. वडिलांना हे आवडलं असतं. फेलिक्स नोवोवियेस्की यांच्या नऊ ऑर्गन सिंफनी, म्हणजे अनेक भागांच्या मोठ्या रचनाही आहेत. मला त्या जरा लांबट वाटतात.

गुरेत्स्कींचं नाव जगभर झालं ते १९७६ च्या तिसऱ्या सिंफनीमुळे. तिच्या दुसऱ्या भागातले शब्द १९४४ मध्ये पोलंडमधल्या झाकोपाने इथं गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, कोठडीत १८ वर्षांच्या एका मुलीनं भिंतीवर कोरलेले. १९९२ च्या ध्वनिमुद्रणाच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. तिच्यात ऑर्गन नाही. पण स्वर धरून बसण्याची जी खोड तुम्हाला ‘कान्टाटा’त खटकली, तीच तिथं गळ्यात आणि तंतुवाद्यांत आहे, आणि तिथं ती सहसा कुणाला खटकत नाही. ती ऐका आणि मग ‘कान्टाटा’ पुन्हा लावा.