मास कॉम की बीकॉम?

प्रश्न: ताई, बारावी झाली, मला मास कॉम (मास कम्युनिकेशन, म्हणजे पत्रकारिता नि माध्यमांचा कोर्स) करायचंय पण पप्पा म्हणतात त्यात नोकरी कुठंय, गप बीकॉम कर. काय करू? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: पप्पांची काळजी खोटी नाही गं, सुरुवातीला पगार कमीच असतो आणि बातमीदाराला सणवार कसला. पण मास कॉम म्हणजे नुसता पेपर नव्हे, जाहिरात, पीआर म्हणजे जनसंपर्क, रेडिओ, व्हिडिओ एडिटिंग, कंपन्यांचं सोशल मीडिया सगळं त्यात येतं. आपल्या शिवाजी विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आहे, तिथं जाऊन प्रॅक्टिकल किती, इंटर्नशिप कुठं मिळते हे सीनियर पोरांनाच विचार, माहितीपत्रकावर जाऊ नको. आणि बीकॉम करूनही पुढं पत्रकारितेकडं येता येतं, उलट बजेट कळणारे बातमीदार हवेच असतात. तोवर रंकाळ्यावर जाऊन दोन मिनिटांचा व्हिडिओ कर नि पप्पांना दाखव.