मित्राने शपथ घातलीये, आता घरी सांगू की नको?

ताई, मी शरणपूरला राहतो, लास्ट इयरला आहे. चर्चच्या क्वायरमधला माझा जिगरी दोस्त ऑनलाइन गेममध्ये पैसे हरलाय, दोन लोन ॲपचं कर्ज झालंय, घरी काहीच माहीत नाही. कुणाला सांगशील तर तुला येशूची शपथ म्हणाला. आता रविवारी येतही नाही आणि वर माझ्याकडे तीन हजार मागतोय. नाही म्हटलं तर मैत्री तुटेल. ख्रिस्ती माणसाने चांगला मित्र म्हणून नेमकं काय करायचं?
– एक वाचक, नाशिक

अरे, पहिले ती शपथ डोक्यातून काढ. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात येशू स्वतः सांगतो की शपथ मुळीच वाहू नका, मग त्याच्याच नावाने तुझं तोंड कसं बांधता येईल?

आणि तीन हजार देऊ नकोस. ते एका ॲपमधून दुसऱ्यात जातील, बस. मित्राने केलेले घाव विश्वासूपणाचे असतात हे बायबलच्या नीतिसूत्रांतलं वचन तू ऐकलं असशील, पण ते घेऊन लोक चारचौघात झापायला लागतात ना, त्याचा मला फार त्रास होतो, कारण मत्तय १८ मध्ये आधी एकांतात जाऊन बोल असं स्वच्छ लिहिलंय. म्हणून क्वायरच्या ग्रुपवर एक शब्द नको आणि तरुण संघात 'प्रार्थनेचा विषय' म्हणून त्याचं नाव तर अजिबात नको, आपल्याकडे त्या नावाखाली किती जणांची अब्रू गेलीये ते मी पाहिलंय.

त्याला सोमेश्वरला घेऊन जा, निवांत बस, त्याला बोलू दे. बायबलमधल्या संकटात सापडलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले तोवर ठीक होतं, तोंड उघडून तुझंच पाप म्हणायला लागले तिथे चुकले. ऐकून झालं की सांग, या रविवारच्या आत तुझ्या आईवडिलांना आपण दोघं सांगू, मी शेजारी बसेन. नाहीच तयार झाला तर तू एकटा जा, पण त्याला आधी सांगून जा, पाठीमागून नको.

मार्कच्या शुभवर्तमानातला तो पक्षाघाती आठव, स्वतःच्या पायाने येशूकडे जाऊच शकत नव्हता, चौघांनी त्याला उचलून आणलं, गर्दी होती तर छप्पर उसकटलं, आणि येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला असं लिहिलंय. तुझ्या शरणपूरच्याच मिशन शाळेत शिकलेला आफ्रिकन तरुण याकोब वेनराइट १८७३ मध्ये मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारले तेव्हा त्यांचं पार्थिव पार समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत होता, महिनोन्‌महिने चालत. तुझा दोस्त तर जिवंत आहे रे.

ॲपवाले धमक्या देत असतील तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला फोन करा, स्क्रीनशॉट ठेवा. जिवाचं बरंवाईट करायची भाषा त्याने एकदा जरी केली तर मात्र रविवारची वाट बघायची नाही, त्याला एकटं सोडू नको, घरच्यांना तेव्हाच सांग आणि १४४१६ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन लाव.

अबोला धरला तर धरू दे. दर रविवारी चर्चला जाताना त्याच्या दारावरून जा आणि हाक मार.