सिंहगड ५५ मिनिटांत चढतो, तर हंप्ता पास जमेल का?

तुम्ही लिहिलंय की वय ४२, दर रविवारी सिंहगड, आतकरवाडीतून वर ५५ मिनिटांत. जूनअखेर बायकोबरोबर हिमाचलात मनालीजवळच्या हंप्ता पासला जायचं ठरलंय आणि खिंड ओलांडायचा तो एक दिवस कितपत अवघड असतो, पुण्यात राहून तयारी काय करायची, असा प्रश्न आहे.

पाय नक्की साथ देतील. ५५ मिनिटांचा आकडा मात्र पुण्यातच ठेवून जा. मी तो बरोबर घेऊन गेले होते (माझा ५८ होता), म्हणून मला हंप्ताला दोनदा जावं लागलं.

कागदावर तो दिवस सिंहगडाएवढाच दिसतो, तिथंच माणूस फसतो. आदल्या रात्रीचा बालू का घेराचा कॅम्प साधारण ३६०० मीटरवर, खिंड ४२७० मीटरवर. म्हणजे चढ साडेसहाशे-सातशे मीटरचा. आतकरवाडीतून पुणे दरवाजा गाठताना आपण जवळपास तेवढंच चढतो. पण खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. आपलं पुणं साडेपाचशे मीटरवर, त्यामुळे इथं हा फरक कधी जाणवत नाही. तिथं वीस पावलं टाकली की थांबावंसं वाटतं आणि थांबल्यावर लाज वाटते, कारण आपण तर दर रविवारचे गडी! सगळं मिळून तो दिवस आठ-नऊ तासांचा होतो.

२०१७ च्या जूनमध्ये मी पहिल्यांदा गेले. पहिले दोन दिवस मी सगळ्यांच्या पुढे. ज्वाऱ्याजवळचा ओढा ओलांडून बालू का घेराला पोचले तेव्हा स्वयंपाकी तंबूच्या खुंट्या ठोकत होता, इतकी लवकर. फोटोबिटो काढून झाले. संध्याकाळी सूप समोर आलं आणि वासानंच पोटात ढवळलं. डोकं कपाळापासून मागं असं आवळत गेलेलं, जणू कुणी ओला टॉवेल पिळतंय. मी गप्प बसले. गाइड प्रत्येक तंबूत येऊन विचारत होता, त्यालाही 'एकदम ठीक' म्हणून सांगितलं. माझ्या तंबूत साताऱ्याच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, सगळे त्यांना बाईच म्हणायचे. त्यांनी माझ्याकडं जरा पाहिलं आणि म्हणाल्या, "एकोणीसचा पाढा म्हण बघू." मी हसत सुरू केलं आणि एकोणीस सक्कंला अडकले. लाजेनं नव्हे, खरंच पुढचं आठवेना. विरळ हवा बाधली होती. त्या उठल्या, बूट घातले आणि गाइडला घेऊनच आल्या.

सकाळी सगळे वर गेले आणि मी एका पोर्टरबरोबर खाली. हजारभर फूट उतरल्यावर डोकं जवळजवळ मोकळं झालं. दुपारी जोब्र्याला, जिथं गाडीरस्ता येतो तिथं, दोन प्लेट मॅगी खाल्ली आणि मग बसून रडले.

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण म्हणजे निर्णय घ्यायची जागा बालू का घेरा हीच आहे. तिथून मागं फिरलात तर तासातासाला उंची कमी होत जाते. खिंड ओलांडली की लोकांना वाटतं, आता काय, उतारच! पण पलीकडचा शिया गोरूचा कॅम्प ३९०० मीटरच्या घरात आहे, म्हणजे आदल्या रात्रीपेक्षा वर. त्या रात्री डोकं दुखायला लागलं तर एका बाजूला खिंड आणि दुसऱ्या बाजूला खाली छत्रूपर्यंतची, म्हणजे गाडीरस्त्यापर्यंतची, वाट, मधे काही नाही. त्यामुळे आदल्या रात्री जेवण जात नसेल, डोकं दुखत असेल, तोल जात असेल, तर गाइडला सांगा. बायकोचं तुम्ही सांगा, तुमचं तिनं सांगावं. स्वतःचं कुणी सांगत नाही, हे मी अनुभवानं बोलतेय.

आता त्या दिवसाबद्दल. पहाटे लवकर का निघतात, तर रात्री गोठलेला बर्फ सकाळी कडक असतो, पाऊल वर राहतं. अकरा-बारानंतर तो भुसभुशीत होतो आणि गुडघ्यापर्यंत पाय जातो, शिवाय दुपारी ढग येतात. सुरुवातीला दगडांचा पट्टा लागतो. आपल्याकडच्या घसाऱ्यासारखा, फक्त इथला दगड मुठीएवढा नसून कधी फ्रिजएवढा असतो आणि त्यातलाही एखादा हलतो. हिमनदीनं आणून टाकलेला तो राडारोडा, मोरेन म्हणतात त्याला. सह्याद्री लाव्हाच्या थरांचा, पाण्यानं कापलेला, म्हणून आपल्या दऱ्या खाली निमुळत्या. तिथली दरी बर्फानं खरवडलेली, तळ परातीसारखा रुंद आणि कडेला उभ्या भिंती. बालू का घेरा म्हणजे त्या परातीत साचलेली वाळूच.

मग बर्फाचा चढ. पुढच्या माणसाच्या पावलातच पाऊल टाकायचं, बुटाचं टोक दोनदा आपटून पायरी करायची, मगच वजन द्यायचं. 'ही आलीच खिंड' असं किमान तीनदा वाटतं आणि तिन्ही वेळा पुढं आणखी एक उंचवटा निघतो. गाइडला 'अजून किती' विचारू नका, तो कायम 'बस, आधा घंटा' म्हणतो. २०१९ ला दुसऱ्यांदा गेले तेव्हा मी रांगेत शेवटून दुसरी होते. बोलता बोलता चालता येईल एवढाच वेग ठेवायचा ठरवलं होतं, वाक्य तुटलं की थांबायचं. वर पोचले तेव्हा पुढची मंडळी थंडीनं कुडकुडत आमची वाट बघत होती, त्यामुळे माझं काही बिघडलं नाही.

खिंडीतून इंद्रासन दिसतं, ६२२१ मीटर. पण मला जास्त लक्षात राहिलं ते दोन्हीकडचं वेगळेपण. मागं कुल्लूची बाजू हिरवीगार, पुढं लाहौल म्हणजे उघडाबोडका तपकिरी दगड. महाबळेश्वरात धो धो आणि पलीकडं माणदेशात टँकर, त्यातलाच प्रकार, पण इथं नुसती मान वळवली की दोन्ही दिसतं.

उतार चढापेक्षा वाईट. उभा आहे, बर्फ मऊ झालेला असतो आणि तोवर तुम्ही थकलेले असता. टाच रोवत उतरायचं. काही ठिकाणी गाइड बसून घसरायला लावतो. मजा येते, पण तो सांगेल तिथंच, आणि मायक्रोस्पाइक (बर्फावर पकड यावी म्हणून बुटाखाली लावायचे लोखंडी दात) काढूनच. ते दात बर्फात अडकले की घोटा गेलाच समजा. गॉगल दिवसभर डोळ्यांवर हवा, ढग असले तरी. बर्फावरून परतणाऱ्या उन्हानं डोळे भाजतात आणि ते रात्री कळतं.

पुण्यातली तयारी. सिंहगड सोडू नका, पण घड्याळ घरी ठेवा. पाठीवर सात-आठ किलोची सॅक (पाण्याच्या बाटल्या भरा, वर ओतून देता येतात), न थांबता, नाकानं श्वास घेता येईल एवढ्या हळू. वर पिठलं-भाकरी खाऊन जीपनं खाली येत असाल तर ते बंद. पायीच उतरा, मांड्या आणि गुडघे तयार होतात ते उतरतानाच. मधल्या दिवशी वेताळ टेकडी. महिन्यातून एकदा कात्रज ते सिंहगड करा, त्या चढउतारांनी सात-आठ तास चालत राहायची सवय होते. बायको पहिल्यांदाच येतेय तर तिलाही या सगळ्यात घ्या.

एक गोष्ट पुण्यात होणारच नाही, ती म्हणजे विरळ हवेची सवय. त्यासाठी दिल्लीहून रात्रीची बस करून मनालीत उतरल्या उतरल्या चालू पडू नका. मनाली दोन हजार मीटरवर आहे, तिथं एक दिवस जास्तीचा काढा. रजा कमी पडत असेल तर शेवटची चंद्रताल तळ्याची फेरी वगळा, हा दिवस वगळू नका. विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून घेतात त्या डायमॉक्स गोळीबद्दल स्वतःच्या डॉक्टरांशी बोला, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगा. बीपी आणि साखर एकदा तपासून घ्या.

बूट आता लगेच घ्या आणि निदान पाच-सहा सिंहगड त्याच बुटांत करा. आणि निघायच्या आदल्या दिवशी पायाची नखं कापा. २०१९ ला मी कापली नव्हती. शिया गोरूच्या उतारावर अंगठा बुटाला पुढं आपटत राहिला आणि उजवं नख दिवाळीपर्यंत काळं होतं.