डब्यातली फळं

प्रिय मित्रा,

'द विकर ट्री' या चित्रपटावरचा तुझा लेख वाचला. टेक्सासहून स्कॉटलंडमध्ये धर्मप्रचाराला आलेले बेथ आणि स्टीव्ह तुझ्या मते 'बावळट', आणि त्यांचा बळी घेणारे ट्रेसॉकचे गावकरी 'रानटी'. दोन विशेषणांत दोन्ही बाजू निकालात निघाल्या. २०११च्या या चित्रपटातही तो दोष आहे, पण तू तरी त्याच्यामागे फरफटत जाऊ नकोस. आधी त्याच दिग्दर्शकाचा, रॉबिन हार्डी यांचा, १९७३चा 'द विकर मॅन' परत बघ. या वेळी वही घेऊन बस.

त्यात पोलीस सार्जंट हॉवी हरवलेल्या मुलीच्या शोधात समरआयल बेटावर येतो. ताठर, कर्मठ ख्रिस्ती, सगळ्यांवर खेकसणारा. तरीही आपल्याला त्याच्यावर हसावंसं वाटत नाही, कारण पडक्या चर्चमध्ये तो फळांच्या खोक्याच्या मोडक्या फळ्या उचलतो, त्यांचा क्रूस करतो आणि वेदीवर ठेवतो. कुणाला दाखवायला नव्हे. त्या एका कृतीनंतर त्याची श्रद्धा आपण गंभीरपणे घेतो.

आता दुसरी बाजू. सफरचंदांसाठी नावाजलेल्या बेटावरच्या खानावळीत हॉवीच्या ताटात हवाबंद डब्यातली फळं येतात. भिंतीवर दरवर्षीच्या सुगीच्या उत्सवाचे फोटो आहेत, फक्त गेल्या वर्षीचा गायब. पीक बुडालंय. अजून कुणी हातात सुरी घेतलेली नाही, तरी भीती सुरू झालेली असते आणि ती भुकेतून, पोटापाण्यातून आलेली असते. इथे थांब, यावर लिही. लेखाचा गाभा हाच आहे.

बेटाचा मालक लॉर्ड समरआयल सांगतो की १८६८मध्ये त्याच्या आजोबांनी हे ओसाड बेट विकत घेतलं, फळांच्या नव्या जाती लावल्या आणि लोकांना कामाला लावण्यासाठी ख्रिस्ती धर्माच्या आधीचे जुने देव परत आणले. आजोबांनी ते सोयीसाठी केलं. वडिलांनी प्रेमापोटी चालू ठेवलं. म्हणजे तू ज्याला 'हजारो वर्षांचा अंधार' म्हणतोस तो जेमतेम शंभर वर्षांचा आहे. तरी पीक परत यावं म्हणून लोक मनापासून गात हॉवीला वेताच्या अवाढव्य पुतळ्यात कोंडून जाळतात. तो आतून स्तोत्र म्हणत असतो, ते बाहेर गात असतात, आणि दोघंही खरे असतात. मला त्या शेवटाची धास्ती आजही वाटते ती यामुळेच.

मरण्यापूर्वी हॉवी लॉर्डला बजावतो: पुन्हा पीक बुडालं तर पुढच्या वेळी लोक तुलाच जाळतील. 'द विकर ट्री'मध्ये ट्रेसॉकचा म्होरक्या सर लॅकलन खरोखर जळतो, पण आग बेथ लावते, त्याची माणसं नव्हे. माझ्या मते तिथे हार्डी यांचा हात ढिला पडला. अणुवीज केंद्रामुळे गाव निपुत्रिक झालंय, हे दुःख केवढं मोठं! चित्रपट त्यावरून घाईने पुढे जातो. तूही गेलास.

आणि ग्लासगोतला भाग तू अजिबात घेतला नाहीस. बेथ आणि स्टीव्ह ही दोन मुलं तिथे दारोदार फिरतात, शिव्या खातात, तरी पुढच्या दारावर जातात. त्यांचा देव तुला मान्य नसला तरी चालेल, पण परक्या देशात तसं उभं राहायला काय लागतं, हे लिहिल्याशिवाय त्यांच्यावर शेरा मारायचा तुला हक्क नाही.

'बावळट' आणि 'रानटी' हे दोन्ही शब्द काढून लेख नव्याने लिही. जुना दुरुस्त करत बसू नकोस. हॉवीच्या ताटापासून सुरुवात कर, लॅकलनकडे शेवटी ये. झाला की पाठव, मी लगेच वाचेन.

तुझा,
सर