पावसाळ्यात घरचा संगणक सारखा आपोआप रिस्टार्ट होतो; मदरबोर्ड बदलावा का?

आपण दिलेली माहिती थोडक्यात अशी: गुहागरला समुद्राजवळच्या घरातला चार वर्षांचा डेस्कटॉप जूनपासून दिवसातून तीन-चार वेळा अचानक रिस्टार्ट होतो, दुरुस्तीवाल्याने दोनदा फॉरमॅट मारून पाहिले आणि आता तो मदरबोर्ड बदलायला सांगतो आहे. माझे मत असे, की मदरबोर्डाचे पैसे इतक्यात देऊ नयेत. फॉरमॅट हा आपल्याकडे सर्व रोगांवरचा काढा होऊन बसला आहे. तो दोनदा देऊनही दोष हटला नाही म्हणजे दोष बहुधा विंडोजमध्ये नाही, इतकेच त्यावरून कळते. मदरबोर्ड बिघडला आहे, असे त्यावरून मुळीच सिद्ध होत नाही.

संगणक स्वतःहून रिस्टार्ट होतो आहे, की त्याची वीज कोणीतरी तोडते आहे, हे आधी ठरवावे लागेल. गंभीर चूक आढळली की विंडोज निळा पडदा दाखवून स्वतःच रिस्टार्ट होते आणि तो पडदा कित्येकदा दिसण्याआधीच नाहीसा होतो. म्हणून ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्जमध्ये स्टार्टअप अँड रिकव्हरी या भागातली ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ ही खूण काढून टाकावी, म्हणजे पुढच्या वेळी निळा पडदा तसाच थांबून राहील. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीत, सिस्टिमच्या नोंदी उघडून कर्नल-पॉवर, क्रमांक ४१, ही नोंद शोधावी आणि तिच्या तपशिलातला बगचेककोड, म्हणजे चुकीचा क्रमांक, पाहावा. तिथे शून्य असेल, तर विंडोजला काही लिहायलाही सवड मिळालेली नाही, म्हणजे संशय वीज, एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारी आतली पेटी) किंवा कॅबिनेटवरच्या बटणावर जातो. शून्याऐवजी आकडा असेल, तर विंडोजने स्वतः चूक पकडलेली आहे. २६ हा आकडा मेमरीशी संबंधित असतो आणि २९२ हा हार्डवेअरने कळवलेल्या दोषाचा.

मी मालवणच्या बाजूला राहतो आणि तीन पावसाळ्यांपूर्वी याच दुखण्याने मला महिनाभर छळले होते. बगचेककोड शून्य होता, म्हणून मी विचार न करता नवा एसएमपीएस आणला, तरीही रिस्टार्ट होणे थांबले नाही. पुढे लक्षात आले, की पहाटे आणि झड लागलेल्या दिवशी त्रास वाढतो, तर दुपारी कडक ऊन पडले की संगणक तासन्‌तास सुरळीत चालतो. तेव्हा कॅबिनेटचे झाकण काढून, पुढच्या रिसेट बटणाकडून मदरबोर्डाकडे जाणारी दोन तारांची बारीक जोडणी मी पिनांवरून उपसून ठेवली. त्यानंतर तीन आठवड्यांत संगणक एकदाही रिस्टार्ट झाला नाही. ते बटण सोडवून पाहिले, तर त्याच्या दोन्ही पायांवर तांब्याच्या जुन्या भांड्यावर चढतो तसा हिरवट काट चढलेला होता. खाऱ्या वाऱ्यातले मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, त्या ओलसर थरातून वीज झिरपते आणि मदरबोर्डाला वाटते, की कोणी रिसेट दाबले. ही चाचणी फुकट आहे, पाच मिनिटांची आहे आणि रिसेट बटणावाचून संगणकाचे काहीही अडत नाही, म्हणून आपण सुरुवात इथूनच करावी. अर्थात, आधी प्लग काढून ठेवावा.

तेवढ्याने भागले नाही, तर विजेकडे वळावे. टाकी भरण्यासाठी विहिरीवरचा पंप सुरू करताना घरातले दिवे क्षणभर मंदावतात का आणि त्याच क्षणी संगणक रिस्टार्ट होतो का, हे पाहावे. अर्ध्या तासाच्या वापरानंतर प्लग हाताला गरम लागत असेल, तर सॉकेट किंवा एक्स्टेन्शन बोर्डातला संपर्क सैल आहे किंवा गंजला आहे. तो बदलणे शंभर-दोनशे रुपयांचे काम आहे. घरी इन्व्हर्टर असल्यास त्याचा खटका यूपीएस या बाजूला आहे ना, हेही तपासावे. वीज गेल्यावर एसएमपीएस पूर्ण भारावर जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो आणि साध्या मोडवरच्या इन्व्हर्टरला बॅटरीवर यायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. पंखे-दिव्यांना तो खंड जाणवत नाही, संगणकाला मात्र जाणवतो.

एसएमपीएस तपासायचा झाल्यास संगणक चालू असताना हार्ड डिस्कसाठीच्या मोकळ्या चार पिनी जोडणीतली पिवळी आणि काळी तार मल्टिमीटरने मोजावी. आकडा ११.४ ते १२.६ व्होल्टच्या दरम्यान असायला हवा. तो बरोबर आला तरी एसएमपीएस पूर्ण निर्दोष ठरत नाही, कारण क्षणार्धाची घसरण साध्या मल्टिमीटरला पकडता येत नाही. ओळखीच्या कोणाचा एसएमपीएस दोन दिवस लावून पाहणे जास्त खात्रीचे. त्याची पेटी मात्र स्वतः उघडू नये, कारण आतल्या कपॅसिटरांत प्लग काढल्यावरही घातक वीज साठून राहते. उबेला आलेली पाल आत सापडणे आपल्याकडे नवलाचे नाही, पण तिला बाहेर काढणे दुरुस्तीवाल्यावर सोपवावे.

रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी संपर्क पेन्सिलीच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसावेत, कण झटकून ती पुन्हा घट्ट बसवावी आणि रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्रॅम, चालवावी. त्यात एकही चूक दिसली तर दोन पट्ट्या आळीपाळीने लावून दोषी कोणती ते कळेल. प्रोसेसर फार तापला तर संगणक रिस्टार्ट होण्यापेक्षा बहुधा बंदच पडतो, त्यामुळे आपल्या बाबतीत उष्णतेवर माझा संशय कमी आहे.

पावसाळ्यात संगणक रोज तासभर तरी चालू ठेवावा, म्हणजे आतल्या उबेने ओल टिकत नाही. प्लॅस्टिकचे आच्छादन घालू नये, कारण त्याच्या आत ओलावा कोंडतो. जुने सुती धोतर किंवा लुगड्याचा तुकडा त्यापेक्षा कितीतरी बरा.

रिसेटची जोडणी काढून चार दिवस पाहा आणि बगचेककोडचा आकडा मला कळवा. तो २९२ निघाला आणि दुसऱ्या एसएमपीएसवर, दुसऱ्या रॅमवरही तोच येत राहिला, तर दुरुस्तीवाल्याच्या म्हणण्याचा विचार करावा लागेल.