नाकाशी धरलेला हात

सांगलीच्या गावभागातून एका वहिनींचं चार पानी पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात. वय ४६. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा, तो अंगावर काढला. आता हृदयातला डावीकडचा व्हॉल्व्ह आकसलाय आणि डॉक्टरांनी तो बदलायला सांगितलाय. मिरजेत ऑपरेशन ठरलंय, तीन आठवड्यांवर आलंय. यजमान मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहेत, घरी सासूबाई, मुलगा पुण्यात नोकरीला. त्या लिहितात :

‘ताई, भुलीतून जागच आली नाही तर, हा एकच विचार डोक्यात. पहाटे तीनला डोळे उघडतात ते उघडतात. छाती धडधडते, उठून बसावं लागतं. ह्यांच्याशी बोलायला गेले. म्हटलं, माझं काही बरंवाईट झालं तर पाटल्या होणाऱ्या सुनेसाठी ठेवा. तर “शुभ बोल जरा” म्हणून उठले आणि घाटावर निघून गेले. तारीख ठरल्यापासून समोर बसत नाहीत. उशिरा येतात, खाली मान घालून जेवतात. परवा मी ताट आपटलं. आणि रात्री मी झोपलेली असताना माझ्या नाकाशी हात धरून बघतात, श्वास चालू आहे का. हळदीच्या वासानं मला जाग येते आणि अंगाची नुसती आग होते. जिवंतपणीच माझे श्वास मोजायला लागलेत. २०१९ च्या पुरात हाच माणूस घट्ट उभा होता, मग आता कुठं गेला? ऑपरेशनच नको म्हणावं असं वाटतं.’

वहिनी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळेला त्या हळदीच्या वासापाशी थांबले. त्यावर बोलणारच आहे. पण आधी पहाटे तीनचं बोलू, कारण त्यात उशीर करून चालणार नाही.

तुम्ही ती सगळी भीतीच समजून बसलाय. काही भाग भीतीचा असेलही. पण डावीकडचा व्हॉल्व्ह आकसला की फुप्फुसातून आलेलं रक्त पुढं सरकायला वाट कमी पडते, ते मागं तुंबतं, आणि आडवं पडल्यावर तासा-दोन तासांनी दम लागून उठून बसावं लागतं. म्हणजे तुम्हाला जाग आणतो तो व्हॉल्व्ह असू शकतो, आणि जाग आल्यावर अंधारात भीती त्यात भर घालते. दोन्ही एकमेकांत मिसळून गेलंय. हे ऑपरेशनच्या दिवसापर्यंत मनात ठेवू नका. एक उशी पुरते की दोन लागतात, पायावर सूज येते का, खोकल्यातून रक्त पडलंय का, ठोके मध्येच वेडेवाकडे पडतात का, हे डॉक्टरांना फोन करून सांगा. गोळ्यांत थोडा फेरफार केला तरी रात्री सुधारतात. आणि शेजारच्या कुणाची झोपेची गोळी मात्र घेऊ नका. तशी गरज असेल तर ती तुमच्याच डॉक्टरांनी द्यायची.

म्हणूनच ऑपरेशन नको असं म्हणू नका. गोळ्या फुप्फुसातलं पाणी कमी करतात, ठोके आवरतात, पण आकसलेला व्हॉल्व्ह गोळ्यांनी मोकळा होत नाही. तो तसाच राहिला तर दम वाढत जातो, आत गुठळी होऊन ती मेंदूत जायची भीती राहते. डॉक्टरांनी तपासून बदलायलाच सांगितलंय, तेव्हा न करण्यातही धोका आहेच. फक्त तो तारीख देऊन येत नाही.

आता तुमच्या ह्यांच्याकडे येते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मी विश्रामबागेत होते. गावभागातली दोन कुटुंबं माझ्याकडं राहायला होती. दिवसरात्र एकच प्रश्न असायचा : कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट? ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ. पाणी ५७ फुटांवर गेलं तरी माणसं कामं करत राहिली, कारण दर तासाला आकडा कळत होता आणि हाताला काम होतं. धान्य माळ्यावर टाका, म्हाताऱ्यांना आधी बाहेर काढा, गॅसची टाकी बांधून ठेवा. तुमचे यजमान तेव्हा घट्ट उभे राहिले ते खरंच. पण त्यांना उचलायला काहीतरी होतं.

आता त्यांना कुणी फूट सांगत नाही. किती पाणी, कुठवर आलं, आपण काय उचलायचं, काही कळत नाही. रिकाम्या हातानं तुमच्यासमोर बसणं त्यांना जमत नाही, म्हणून घाटावर जाऊन बसतात. आणि तारीख ठरल्यापासूनचं उशिरा येणं? एकदा विचारून बघा, पैशाची जुळवाजुळव चाललीय का. दिवाणजीच्या पगारात एवढा खर्च म्हणजे झोप उडणारच, आणि आपल्याकडची बरीच माणसं हे बायकोला शेवटपर्यंत कळू देत नाहीत.

तो नाकाशी धरलेला हात तुम्हाला अपशकुनी वाटला. मला नाही वाटला. दिवसभर ज्या प्रश्नाला ते ‘शुभ बोल’ म्हणून गप्प करतात, तोच प्रश्न रात्री ते हातानं विचारतात. तुम्ही पहाटे तीनला जाग्या, ते त्याच्या आधी कधीतरी जागे. एकाच खाटेवर दोन माणसं एकाच गोष्टीला भिऊन पडलीत आणि पाठी एकमेकांकडं. पुढच्या वेळी तो वास आला की रागानं कूस बदलू नका. हात धरा. ‘आहे मी’ म्हणा. ते दचकतील, त्यांना लाजल्यासारखं होईल, काहीतरी सबब सांगतील. सांगू द्या. हात सोडू नका.

‘शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली’ ही म्हण आपण ऐकत मोठ्या झालो, आणि नाऱ्याला मूर्ख ठरवलं. पण मांडवाला खरंच आग लागायची भीती असेल, तर पाण्याची घागर कुठं आहे हे आधी विचारणारा नाऱ्याच शहाणा. पाटल्या कुणाला द्यायच्या हे बोललात म्हणून काही अशुभ घडत नसतं. उलट न बोललेलं मनात कुजतं आणि ताटातून बाहेर पडतं. तुम्ही ते ठरवून बोला. एक संध्याकाळ, चहा घेऊन, अर्धा तास. सुरुवातीलाच सांगा : ‘मला आज धीर देऊ नका. मी बोलते तेवढं ऐका, मध्ये “शुभ बोल” म्हणायचं नाही.’ मग पाटल्या सांगा, बँकेतलं नॉमिनेशन सांगा, विम्याचे कागद कुठल्या डब्यात आहेत ते सांगा, भुलीची भीतीही सांगा. झालं की तुम्ही विचारा, ‘तुम्हाला कशाची भीती वाटते?’ आणि तुम्हीही मध्ये बोलू नका. ते रडले तरी पदर पुढं करायची घाई करू नका.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. अकरा वर्षांपूर्वी माझ्या यजमानांची बायपास झाली. महिनाभर मी दिवसातून दहादा ‘काही होत नाही हो’ म्हणायचे. घरी आल्यावर एकदा ते म्हणाले, ‘तू तसं म्हणालीस की मला आणखी एकटं वाटायचं.’ मला ते फार लागलं. मी त्यांना धीर देत नव्हते, मी त्यांचं तोंड बंद करत होते.

मग एक दिवस काढा आणि दोघं मिळून सर्जनकडं जा. दोघं, हे महत्त्वाचं. वही ह्यांच्या हातात द्या, हिशेबाची सवय आहे त्यांना. विचारा : माझ्या वयाच्या, माझ्यासारखं हृदय असलेल्या बाईला या ऑपरेशनमध्ये शंभरात किती धोका? असे किती व्हॉल्व्ह तुम्ही वर्षाला बदलता? मेटलचा व्हॉल्व्ह बसवणार की टिश्यूचा, म्हणजे जनावराच्या ऊतीपासून केलेला? डॉक्टर रागावत नाहीत, आणि रागावले तरी विचारा. आकडा हातात आला की माणूस सावरतो, सांगलीकराला हे वेगळं सांगायला नको. भुलीच्या डॉक्टरांना वेगळं भेटून सांगा की मला भुलीचीच भीती आहे. ऑपरेशनभर तेच तुमच्या उशाशी असतात, आणि तुमच्या मनाची अवस्था कळणं त्यांच्या कामाचाच भाग आहे.

ह्यांना कामं नेमून द्या. रक्तदाते जमवायचे. तुम्हाला दातांच्या डॉक्टरांकडं घेऊन जायचं, कारण किडलेल्या दातातले जंतू रक्तातून नव्या व्हॉल्व्हवर जाऊन बसू शकतात. रुग्णालय महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आहे का ते बघायचं. असेल तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला भेटायचं, किंवा १५५३८८ वर फोन करायचा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात आणि मंजुरी आधी घ्यावी लागते, म्हणून हे आजच करायचं. नातेवाइकांचे फोनही त्यांनीच घ्यायचे. ‘आमच्या आत्याचं असंच झालं होतं’ हे वाक्य तुमच्या कानापर्यंत येता कामा नये. सासूबाई नवस बोलल्या असतील तर बोलू द्या, त्यांचीही भीती कुठंतरी टेकायला हवी.

एक गोष्ट ह्यांना आधी सांगून ठेवा, मला कुणी सांगितली नव्हती. ऑपरेशननंतर आयसीयूत नेऊन दाखवतात तेव्हा माणूस ओळखू येत नाही. तोंडात नळी, चेहरा सुजलेला, छातीतून नळ्या आलेल्या, आणि नळी ओढू नये म्हणून हात कापडी पट्टीनं खाटेला सैल बांधलेले. मी ते हात बघितले आणि दारातच खाली बसले. वाटलं, गेले. ते गेलेले नव्हते, नळी असल्यामुळं बोलता येत नव्हतं इतकंच. तुम्हालाही जाग येईल तेव्हा आवाज फुटणार नाही, घाबरू नका. नळी काढली की आवाज परत येतो. दोघांनी आत्ताच एक खूण ठरवून ठेवा. त्यांनी तळवा तुमच्या हातात द्यायचा, तुम्ही दोनदा दाबायचा.

पहाटेच्या त्या वेळेसाठी : आडव्या पडून राहू नका, पाठीला उशा लावून बसा. श्वास नाकानं सावकाश घ्या आणि घेतला त्याहून लांब सोडा. कोंडून धरायचा नाही. ह्यांना उठवा. उठवायला संकोच करू नका, ते झोपलेले नसतात हे आता तुम्हाला माहीत आहे. एकट्या असाल तर १४४१६ हा सरकारच्या टेली-मानसचा, म्हणजे मनाला आधार देणाऱ्या फोनसेवेचा नंबर रात्रीही लागतो, मराठीत बोलतात.

ऑपरेशननंतरचंही थोडं सांगते, कारण तिथं संसार दुसऱ्यांदा ताणला जातो. छातीचं हाड तारेनं शिवतात, ते जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर पाण्याची कळशी नाही, कणीक मळणं नाही, खोकला आला की छातीशी उशी दाबून खोकायचं. घरी आल्यावर कारण नसताना रडू येतं, विसरायला होतं, ह्यांचा राग येतो. बहुतेकांचं काही आठवड्यांत निवळतं. महिना होऊनही निवळलं नाही तर डॉक्टरांना सांगा. आणि नवराबायकोच्या जवळिकीचं कुणी विचारत नाही म्हणून मीच सांगते : हाड जुळलं आणि दोन जिने दम न लागता चढता आले की साधारण हरकत नसते. डॉक्टरांना विचारा, ते लाजत नाहीत. त्याआधी नुसतं शेजारी बसणं, पाठीवरून हात फिरवणं याला कुणाची परवानगी लागत नाही.

व्हॉल्व्हचं सांगायचं राहिलं. तुमच्या वयात बऱ्याचदा मेटलचा सुचवतात, तो टिकतो खूप, पण रक्त पातळ करायची गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि ठरल्या वेळी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते, तपासावं लागतं. त्या गोळीबरोबर मेथी-पालक बंद करायची गरज नसते, रोजचं प्रमाण एकसारखं ठेवायचं असतं. अंगदुखीची गोळी मात्र मनानं घ्यायची नाही. मेटलचा बसला तर रात्री सामसूम झाली की बऱ्याच जणांना त्याची बारीक टिकटिक ऐकू येते, शेजारी झोपलेल्यालाही. काहींना सुरुवातीला त्याचा त्रास होतो. ह्यांना मात्र मग नाकाशी हात न्यायची गरज पडणार नाही.

उद्या सकाळी पहिला फोन डॉक्टरांना, रात्रीच्या त्या दम लागण्याबद्दल. चहा संध्याकाळी.

— तुमची ताई